कायम रविवार सकाळ: नाशिकमधल्या एका कॅसेटचं प्रकरण

पितृपक्षात एमजी रोडवर नवा मोबाइल घ्यायला फारसं कुणी येत नाही. दुरुस्तीला मात्र येतात. सप्टेंबर २०२५ मधल्या अशाच एका दुपारी पस्तिशीच्या एक ताई माझ्या टेबलापाशी आल्या. पर्समधून रुमालात गुंडाळलेली जांभळी वस्तू काढली आणि म्हणाल्या, "भाऊ, हा चालू नाही झाला तरी चालेल. आतलं आमचं तेवढं वाचवा."

रुमालात गेम बॉय कलर होता, हातात धरून खेळायचं जुनं मशीन. आरपार दिसणारं जांभळं प्लास्टिक, सेलचं झाकण हरवलेलं, तिथे पिवळी पडलेली चिकटपट्टी. मागच्या खाचेत पोकेमॉन गोल्डची कॅसेट, म्हणजे पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडून लढवायचा गेम. बाहेर तिला कार्ट्रिज म्हणतात. आपल्याकडे लहानपणी जो शब्द तोंडात बसला तो कॅसेट, आणि मी अजूनही तोच वापरतो.

हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतोय, कारण गेम नक्की कुणाच्या हातात असतो आणि तो हातातून कधी सुटला, हे इतकी वर्षं मोबाइल उघडून मला जेवढं कळलं नव्हतं तेवढं ह्या एका कॅसेटनं दाखवलं.

दोघांत एक सेव्ह

ताईंचे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. राहणं प्रेसच्या क्वार्टर्समध्ये. २००४ च्या दिवाळीत दुबईचे काका आले आणि हे मशीन घेऊन आले. जगात तेव्हा पुढचं मशीन, गेम बॉय ॲडव्हान्स, येऊन तीन वर्षं झाली होती. पण क्वार्टर्समध्ये तोवर ब्रिक गेमच्या पुढे काही पोचलेलं नव्हतं, त्यामुळे ह्या घरच्या ओट्यावर संध्याकाळी पोरांची गर्दी व्हायची. कॅसेट मात्र काकांनी आणलेली नव्हती. ती मागाहून मुंबईच्या एका बाजारातून वडिलांनी आणली, घासाघीस करून.

भाऊ दहावीत, ही आठवीत. पोकेमॉन गोल्डमध्ये सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, ठेवायला जागा एकच. दोन भावंडं, एक मशीन, एक सेव्ह. नवा गेम सुरू करून सेव्ह केलं की जुना गेला. ह्यावरून घरात आधी मारामाऱ्या झाल्या आणि मग कायदे झाले. खेळाडूचं नाव सातच अक्षरांचं ठेवता येतं, म्हणून दोघांच्या नावांचे तुकडे जोडून एक नाव केलं. पाळी अर्ध्या तासाची. नवे पेन्सिल सेल महिन्यातून एकदाच, मधल्या काळात जुने सेल उन्हात ठेवून पुन्हा घालायचे. न विचारता कुठला पोकेमॉन सोडायचा नाही. आणि एक कायदा खास त्या वर्षांचा.

तेव्हा भारनियमन होतं. संध्याकाळी लाइट गेले की टीव्ही बंद, पंखा बंद, गेम मात्र चालू, कारण तो सेलवर. पण गेम बॉय कलरच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. बाहेरचा उजेड त्याच्यावर पडला तरच चित्र दिसतं, आणि तोही नेमक्या कोनात धरावा लागतो. म्हणून कायदा असा, की ज्याची पाळी नसेल त्यानं टॉर्च धरायचा. ताई सांगत होत्या, "दादा चांगला धरायचा, हलू न देता. मी धरला की ओरडायचा, चकाकतंय, चकाकतंय."

मग भाऊ इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, तिथून मस्कतला. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, सामान इंदिरानगरच्या फ्लॅटच्या माळ्यावर गेलं. ह्या वर्षी माळा आवरताना आकाशकंदिलाच्या खोक्यात हा गेम निघाला. भाऊ चार वर्षांनी दिवाळीला येणार होता. त्याला तो दाखवायचा, एवढीच ताईंची इच्छा. "सोळातले पंधरा बॅज झाले होते. शेवटचा एकत्र घ्यायचा म्हणून ठेवला, आणि तो पुण्याला गेला."

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी: गोल्डमध्ये आठ बॅज जिंकून सर्वांत मोठी लढत मारली की गेम संपला असं वाटतं. आणि मग आधीच्या गेममधला अख्खा मुलूख उघडतो, आणखी आठ बॅजसह. हे सगळं अवघ्या एक मेगाबाइटच्या चिपमध्ये. आज फोनवर येणारा एक साधा फोटो ह्याहून मोठा असतो.

मी नेहमीप्रमाणे विचारलं, गेममध्ये कधी काही विचित्र व्हायचं का? सेव्ह उडणं, अडकणं?

त्या म्हणाल्या, "नाही. फक्त आमच्या गेममध्ये कधी रात्र झाली नाही."

उघडल्यावर

हे वाक्य ऐकून मी हातातला चहा बाजूला ठेवला.

पोकेमॉन गोल्डमध्ये खरं घड्याळ आहे. खेळ सुरू करताना तो तुम्हाला किती वाजले विचारतो, थोड्या वेळानं गेममधली आई आज वार कोणता ते विचारते, आणि त्यानंतर मशीन बंद असलं तरी कॅसेटच्या पोटातलं घड्याळ चालू राहतं. बाहेर संध्याकाळ झाली की गेममध्येही अंधारतं. काही पोकेमॉन रात्रीच निघतात. हूटहूट नावाचं घुबड दिवसा गवतात सापडत नाही. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी किडे पकडायची स्पर्धा असते. ह्या भावंडांनी रविवारी सकाळी नऊ वाजता खेळ सुरू केला होता, आणि त्यांच्या गेममध्ये पुढे सगळी वर्षं रविवार सकाळचे नऊच वाजलेले होते. गवतात घुबड कधी निघालं नाही. स्पर्धा कधी भरली नाही. बिटकोजवळ राहणाऱ्या एका मित्राच्या ईव्ही ह्या पोकेमॉनचं रूप बदलून अंब्रिऑन झाला, ह्यांचा एस्पिऑन झाला. अंब्रिऑनला रात्र लागते. "आम्हाला वाटायचं तो खोटं सांगतो," ताई म्हणाल्या.

अस्सल कॅसेटचा स्क्रू साध्या पेचकसानं निघत नाही, त्याला ३.८ मिलिमीटरचा वेगळा बिट लागतो. ही कॅसेट साध्या फुलीच्या पेचकसानं उघडली. आत अस्सल बोर्डावर असतात तशा पायवाल्या चिपा नव्हत्या, दोन काळे डांबरासारखे ठिपके होते. उघडी चिप बोर्डावर चिकटवून वरून इपॉक्सी ओतलेली. घड्याळासाठी जो छोटा क्रिस्टल लागतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा, त्याची जागाच नव्हती. म्हणजे कॅसेट नकली होती. कुणीतरी गेमची नक्कल केली, पैसे वाचवायला घड्याळ गाळलं, आणि दोन मुलांच्या जगातली रात्र गेली.

ताईंना हे सांगताना मला जड गेलं. वडिलांनी घासाघीस करून आणलेली वस्तू. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग एकदम विचारलं, "मग आतलं आहे का गेलं?"

इथे ह्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. त्या काळच्या कॅसेटमध्ये सेव्ह एका छोट्या रॅममध्ये राहतो, ३२ किलोबाइटच्या. रॅमला सतत वीज लागते. मशीन बंद असताना ती वीज आतला नाण्याएवढा सेल देतो, तीन व्होल्टचा सीआर २०२५. सेल संपला की सेव्ह गेला, आणि तो कुठल्याही उपायानं परत येत नाही. अस्सल गोल्डमध्ये हाच सेल घड्याळही चालवतो, आणि घड्याळ रॅमपेक्षा जास्त खातं. त्यामुळे अस्सल कॅसेटींचे सेल बहुधा दहा-पंधरा वर्षांत बसतात. माझ्याकडे आलेल्या बहुतेक अस्सल गोल्डमध्ये सेव्ह उरलेला नव्हता. लोक डोळ्यांत पाणी आणून परत गेलेत.

ह्या कॅसेटीत घड्याळच नाही. सीआर २०२५ मध्ये साधारण १६० मिलिअँपिअर-अवर असतात. नुसती रॅम धरून ठेवायला एक मायक्रोअँपिअर किंवा त्याहून कमी लागतो. हिशोब केला तर अठरा वर्षं सहज निघतात, नशीब असेल तर वीस. २००४ पासून एकवीस झाली होती.

मल्टिमीटरच्या सुया लावल्या. २.६८ व्होल्ट.

लिथियमच्या सेलचा स्वभाव असा आहे, की तो वर्षानुवर्षं तीनच्या आसपास टिकतो आणि शेवटी एकदम कोसळतो. २.६८ म्हणजे कड्याच्या टोकावर उभा. मी ताईंना म्हटलं, "आहे. पण आता ह्याला कुणी हलवायचं नाही."

वाचन

सेल काढायच्या आधी सेव्हची नक्कल घ्यायची, हा पहिला नियम. सेल बदलण्याच्या काही सेकंदांत रॅम रिकामी होते, म्हणून काहीजण बाहेरून दुसरी वीज जोडून बदल करतात. मी ते टाळतो. हात निसटला की सगळं गेलं. कॅसेट संगणकाला जोडणारा रीडर माझ्याकडे आहे, त्यानं ३२ किलोबाइट आधी फाइलमध्ये उतरवून घ्यायचे.

कॅसेटच्या पायऱ्या, म्हणजे मशीनला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापूस लावून पुसल्या. लहानपणी आपण सगळ्यांनी कॅसेटमध्ये फुंकर मारली आहे, आणि ती लगेच चालायचीही. चालायची ती काढून पुन्हा घातल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्यानं पायऱ्या हळूहळू गंजतात. ह्या कॅसेटच्या तीन पायऱ्यांवर तसे डाग होते.

रीडर लावला, सेव्ह वाचला. फाइल उघडली तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एफएफ, एफएफ, एफएफ. म्हणजे रिकामं. ताई समोरच बसल्या होत्या. मी काहीच बोललो नाही. रिकामी रॅम अशी दिसते, पण न उघडलेली रॅमही अशीच दिसते. कॅसेटमधल्या रॅमला कुलूप असतं, ठरावीक पत्त्यावर ठरावीक आकडा लिहिला की ते उघडतं. रीडर कॅसेटला अस्सल समजून घड्याळवाल्या चिपेच्या भाषेत बोलत होता. आत ती चिप नव्हती. चिपेचा प्रकार हातानं बदलून दिला, पुन्हा वाचलं.

ह्या वेळी आकडे वेगवेगळे आले. तीनदा वाचलं, तिन्ही फाइली ताडून पाहिल्या. अक्षरन्‌अक्षर सारख्या. गेमची स्वतःची अक्षरसारणी असते, ती लावून खेळाडूचं नाव काढलं आणि वही ताईंकडे वळवली. सात अक्षरं, दोघांच्या नावांचे तुकडे.

त्यांनी पदर तोंडाला लावला. मीही उठून चहा सांगायला गेलो.

पुढचं काम मोठं नाही, पण काळजीचं आहे. जुना सेल पत्र्याच्या पट्ट्यांसकट काढला. सेलच्या अंगाला थेट सोल्डर कधीच करायचा नाही, तापून फुटतो, म्हणून पट्टीवाला नवा सेल घेतला. फाइल परत लिहिली, पुन्हा वाचून ताडली. मशीनचं काम वेगळं होतं. सेलच्या जागी पांढरा-हिरवा थर जमला होता. आपले साधे पेन्सिल सेल झिंक-कार्बनचे, त्यांचा पाझर आम्लधर्मी असतो. त्यावर खायच्या सोड्याची ओली पेस्ट लावायची, मग पुसून आयसोप्रोपिल. अल्कलाइन सेल पाझरले असतील तर उलट, व्हिनेगर. हा फरक न कळल्यामुळे लोकांनी चांगली मशीनं बिघडवलेली मी पाहिली आहेत. चालू-बंदची खिट्टी साफ केली, आवाजाच्या चाकातली खरखर काढली. संध्याकाळी सहाच्या सुमारास मशीन सुरू झालं. पडद्यावर खेळाडूचं नाव, पंधरा बॅज, आणि खेळलेला वेळ २१४ तास ३७ मिनिटं.

हा खेळलेला वेळ गेम स्वतः मोजतो, त्याला ते घड्याळ लागत नाही. त्या गावात रविवार कधी सरला नाही, पण दोघांनी घालवलेला वेळ मिनिटापर्यंत लिहिलेला होता.

मुलाचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी वस्तू न्यायला ताई मुलाला घेऊन आल्या. अकरा वर्षांचा, अबोल. आईनं काय वाचवलं ते सगळं त्यानं लक्ष देऊन ऐकलं. सेल पाहिला, हातात घेतला. मग खिशातून फोन काढला, एका गेमच्या चित्रावर बोट ठेवलं. पडद्यावर गोल फिरत राहिला, शेवटी एक ओळ आली, जोडणी होऊ शकत नाही.

"काका, माझा पण सेल बदलून देता का?"

तो गेम तो दीड वर्ष खेळत होता. फुकट उतरवलेला. त्यात पात्रं होती, त्यांचे कपडे, तलवारी. आजोबांच्या फोनवरून यूपीआयनं एकूण तीन हजार चारशे रुपये गेले होते, कधी आजोबांना सांगून, कधी न सांगता. जूनमध्ये कंपनीची सूचना आली की सेवा बंद होणार आहे. ठरल्या तारखेला बंद झाली. पैसे परत मिळाले नाहीत. मुलानं गेमचं चित्र मात्र फोनवरून काढलं नव्हतं. तीन महिने तो रोज एकदा दाबून बघत होता.

मी त्याला खोटं सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. तुझी पात्रं तुझ्या फोनमध्ये कधी नव्हतीच, ती कंपनीच्या मशीनमध्ये होती, तुझ्या फोनवर फक्त त्यांचं चित्र येत होतं, असं समजावलं. त्यानं मान हलवली. त्याला पटलं होतं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. एकवीस वर्षांपूर्वीची नकली, घड्याळ गाळलेली, माळ्यावर पडलेली कॅसेट मी दोनशे रुपयांच्या सामानात जिवंत करू शकलो, आणि तीन महिन्यांपूर्वीपर्यंत चालणाऱ्या ह्या गेमसाठी ना मी काही करू शकत होतो, ना जगातला कुठलाही कारागीर.

धंदा कुठे वळला

हातातल्या गेमचा धंदा ज्यांनी घडवला त्यांत गुनपेई योकोई हे नाव पहिलं. गेम बॉय काढणाऱ्या निन्टेन्डो ह्या जपानी कंपनीचे अभियंते. आगगाडीत कंटाळलेला एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला पाहून त्यांना खिशातल्या गेमची कल्पना सुचली, आणि १९८० मध्ये गेम अँड वॉच आलं. त्यांचं तत्त्व असं, की जुनं, स्वस्त, पूर्ण समजलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याला नव्या कामाला लावायचं. १९८९ चा गेम बॉय त्यातूनच आला. चार छटांचा हिरवट पडदा, उजेड नाही, रंग नाहीत. त्याच वर्षी अटारीनं रंगीत, उजेडाचा लिंक्स आणला. त्याला सहा सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास आणि त्याहून जास्त चालायचा. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त विकले गेले.

त्या धंद्याचा कणा असा होता, की कॅसेट कारखान्यातून निघाली की तिच्यात बदल करता येत नसे. चूक राहिली तर राहिली. म्हणून गेम संपूर्ण करूनच बाहेर पाठवावा लागे. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा व्यवहार गल्ल्यावर पुरा व्हायचा. नंतर ती वस्तू तुमची. मित्राला द्या, विका, माळ्यावर टाका.

वळण फोनवर आलं. जुलै २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं. ऑक्टोबर २००९ मध्ये फुकट ॲपच्या आतही वस्तू विकायची परवानगी मिळाली. माझ्या मते आजच्या धंद्याची खरी जन्मतारीख ही. त्यानंतर गेम विकण्यात अर्थ उरला नाही. गेम फुकट द्यायचा, आणि आतली घाई विकायची. जीव संपले, चार तास थांब, नाहीतर पैसे दे. आज घेतलंस तर मिळेल, उद्या नाही. योकोईंनी आगगाडीतल्या माणसाचा कंटाळा घालवायला गेम केला होता, इथे कंटाळा मुद्दाम गेममध्येच पेरला गेला. आपल्याकडे २०१६ मध्ये जिओनं डेटा स्वस्त केला आणि हे सगळं एका झटक्यात सातपूरपासून सिन्नरपर्यंत घरोघरी पोचलं.

बंद पडण्याची गोष्ट फोनपुरतीही राहिलेली नाही. मार्च २०२३ मध्ये निन्टेन्डोनं आपल्याच थ्रीडीएस ह्या हातातल्या मशीनचं ऑनलाइन दुकान बंद केलं. जे गेम फक्त तिथेच मिळत ते आता विकत घेता येत नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं अभ्यास केला, तिथे निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात मिळतच नाहीत. युबीसॉफ्टनं द क्रू हा मोटारींचा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद केला, तेव्हा ज्यांनी दुकानातून डिस्क घेतली होती त्यांच्याही हातात निकामी चकती राहिली. त्यावरून युरोपात मोहीम उभी राहिली, तिच्या मागणीवर २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे, की नुसता परवाना देत असाल तर 'विकत घ्या' असं लिहून ग्राहकाला फसवायचं नाही. निन्टेन्डोचं स्विच २ जून २०२५ मध्ये आलं, त्याच्या काही गेमच्या कार्डात गेमच नसतो, तो उतरवून घ्यायची किल्ली असते. हातात धरता येणारी वस्तू, आणि आत परवानगी.

आता दुसरी बाजू, कारण तीही मी रोज पाहतो. गेम बॉय त्या क्वार्टर्समध्ये एकाच घरी होता, कारण दुबईचा काका एकाच घरी होता. बाकीची पोरं ओट्यावर उभी राहून बघायची. आज ताईंच्या मुलाच्या वर्गातल्या प्रत्येकाच्या घरात खेळता येईल असा फोन आहे, आणि त्या बंद पडलेल्या गेममध्ये त्याला मालेगावचा एक मित्र मिळाला होता, जो अजून त्याच्याशी बोलतो. हे जुन्या दिवसांत झालं नसतं. शिवाय त्या नकली कॅसेटचा एक पैसाही गेम बनवणाऱ्यांना गेलेला नाही, हे मी ताईंनाही सांगितलं. अस्सल माल नाशिकच्या दुकानात दिसत नव्हता हे खरं आहे, पण म्हणून चोरी ही चोरी राहायची थांबत नाही.

तरीही माझा कल कुठे आहे ते मी लपवणार नाही. जी वस्तू मी उघडू शकतो, जिच्यातला सेल मी बदलू शकतो, तिच्यासाठी घेतलेले पैसे मला प्रामाणिक वाटतात.

पर्याय आणि निर्णय

ताईंपुढे मी एक पर्याय ठेवला होता. माझ्याकडे एक अस्सल गोल्ड होती, सेव्ह कधीचाच गेलेली, घड्याळ शाबूत. दोन्हींची सेव्ह फाइल सारखीच असते. ह्यांचे २१४ तास त्या कॅसेटीत टाकले तर सगळं जसंच्या तसं राहिलं असतं आणि त्या रात्री, पहिल्यांदा, त्यांच्या गावात रात्र झाली असती.

त्यांनी बराच विचार केला. "नको," म्हणाल्या. "आमच्यात रविवारच असू दे."

फाइल मात्र तीन ठिकाणी ठेवायला सांगितली: पेन ड्राइव्हवर, त्यांच्या मेलवर आणि भावाकडे. आजोबांच्या फोनवर खरेदीला दर वेळी पासवर्ड लागेल असं करून दिलं. आणि मुलाला एक परीक्षा शिकवली, जी मी आता प्रत्येक पालकाला सांगतो. कुठल्याही गेमवर रुपया घालण्याआधी फोन विमान मोडवर टाकायचा आणि गेम उघडायचा. उघडला तर निदान तो तुझ्या फोनमध्ये आहे. नाही उघडला, तर पैसे दुसऱ्याच्या घरात ठेवतोयस हे माहीत असू दे.

कॅसेट बंद करण्याआधी आतल्या बाजूला सेल बदलल्याची तारीख चिकटवायची असते, म्हणजे पुढच्या कारागिराला कळतं. ती चिठ्ठी मी मुलाला लिहायला दिली. त्यानं सप्टेंबर २०२५ लिहिलं, आणि मग बोटं मोजून विचारलं, "काका, हा संपेल तेव्हा मी तिशीचा असेन?" साधारण तसाच, मी म्हटलं. आधीच बदलून घे.

भाऊबीज

पुढचं ताईंनी फोनवर सांगितलं. भाऊबीजेला ओवाळून झालं, भावानं ताटात पाकीट टाकलं, आणि ताईंनी ताटाखालून रुमाल काढला. जांभळं प्लास्टिक दिसताच तो जमिनीवरच बसला. एवढा मोठा माणूस, मस्कतला वीस माणसं हाताखाली.

शेवटच्या बॅजसाठी दोघं बसले. व्हिरिडियन गावचा ब्लू. भावानं जुन्या सवयीनं टायफ्लोजन पुढे केला, आणि ब्लूच्या ऱ्हायडॉननं तो झोपवला. आगीच्या पोकेमॉनपुढे जमिनीचा, हे तो विसरला होता. मग ताईंची पाळी. त्या आणखी लवकर हरल्या. मग दोघांनी मशीन मुलाच्या हातात दिलं.

मुलगा सोफ्यावर वाकून बसला, मशीन इकडेतिकडे तिरकं करत. घरात ट्यूबलाइट होती, पण तेवढ्या उजेडात तो पडदा नीट दिसत नाही. भावानं काही न बोलता मोबाइलचा टॉर्च लावला आणि भाच्याच्या खांद्यावरून, हात न हलवता, धरून ठेवला.